बोटांच्या गाठी आणि कागदावरचा संकेतांक

या सदरात आपण घराच्या कपाटातील वैद्यकीय फाईल उघडून तीतील एकेक कागद वाचत आलो आहोत. आज त्याच फाईलमधील एका अगदी छोट्या नोंदीकडे आपले लक्ष वेधायचे आहे. डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या शेजारी, अथवा विम्याच्या दावापत्राचा जो भाग रुग्णालयाने भरावयाचा असतो त्यात, एक इंग्रजी अक्षर आणि त्यापुढे दोन-तीन आकडे लिहिलेले असतात. रुग्ण ते वाचत नाही, नातेवाईक वाचत नाहीत, आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा डॉक्टरही वाचत नाहीत. ते काम नोंदणी विभागातील कर्मचाऱ्यावर सोपवलेले असते. परंतु त्या कागदाचा पुढे जो कोणी उपयोग करणार असतो, तो मात्र सर्वप्रथम तेच वाचतो.

हा विषय घेण्यास एका वाचक भगिनींचे पत्र निमित्त झाले. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, वय 62. सात-आठ वर्षांपासून त्यांच्या दोन्ही हातांच्या बोटांवर, नखांच्या अलीकडच्या सांध्यांपाशी, वाटाण्याएवढ्या टणक गाठी आल्या आहेत. त्यांच्या आईच्याही बोटांना तशाच गाठी होत्या, म्हणून त्यांनी त्याला आजार मानलेच नाही. थंडीत दुखले की मलम लावावे आणि कामाला लागावे, एवढेच. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूमुळे त्यांना चार दिवस रुग्णालयात राहावे लागले. दाखल करताना नेहमीचा प्रश्न विचारला गेला, ‘‘जुने काही आजार?’’ मुलाने घाईत उत्तर दिले, ‘‘बी.पी. आणि संधिवात.’’ डिस्चार्ज कार्डावर त्या ‘संधिवाता’चा झाला ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’, आणि दावापत्रात सहव्याधींच्या रकान्यात संकेतांक पडला एम 06.9. महिनाभरात विमा कंपनीचे पत्र आले: हा आजार केव्हापासून आहे, आणि पॉलिसी घेताना तो का कळवला नाही? दाव्याची रक्कम थांबली.

त्याहून गंभीर गोष्ट त्यांनी पत्राच्या शेवटी, जणू ताजा कलम म्हणून लिहिली आहे. पुढे पोटदुखीसाठी त्या दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेल्या, तेव्हा ते कार्ड पाहून त्यांनी विचारले, ‘‘मेथोट्रेक्सेट किती घेता? बंद का केले?’’ ज्या औषधाचे नावही त्यांनी कधी ऐकले नव्हते, ते बंद केल्याबद्दल त्यांना जाब द्यावा लागला.

आता हा संकेतांक म्हणजे काय ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांचे एक आंतरराष्ट्रीय वर्गीकरण केले आहे. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘आयसीडी’ म्हणतात. त्याचे मूळ फार जुने आहे. जाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने 1893 मध्ये मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. निरनिराळ्या देशांतील माणसे कशाने मरतात याची तुलना करता यावी, एवढाच तिचा हेतू होता. 1948 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहाव्या आवृत्तीपासून ही जबाबदारी घेतली आणि तेव्हापासून मृत्यूच्या कारणांबरोबर आजारांचाही तीत समावेश झाला. दहावी आवृत्ती 1990 मध्ये मान्य झाली, अकरावी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली; परंतु आपल्याकडील विम्याच्या दावापत्रावर आजही दहाव्या आवृत्तीचाच रकाना आढळतो. म्हणून येथे तिचेच आकडे देतो. छापील कागदावर ते रोमन अक्षरात असतील, एवढे ध्यानात ठेवावे.

हाडे, सांधे व स्नायूंच्या प्रकरणाला ‘एम’ हे अक्षर दिलेले आहे. त्यातील एम 05 ते एम 14 हे घर दाहक संधिविकारांचे. आमवात, म्हणजे ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो, एम 05 व एम 06 मध्ये येतो. वातरक्त किंवा गाऊट एम 10 मध्ये. एम 15 ते एम 19 हे घर मात्र झिजेच्या संधिवाताचे, म्हणजे अस्थिसंधिशोथाचे किंवा ऑस्टिओआर्थ्रायटिसचे. दोन घरे शेजारी आहेत, पण त्यांच्यात राहणारे आजार एकमेकांचे नातलग नव्हेत.

हाताच्या बाबतीत या दुसऱ्या घराचे दालन बरेच सविस्तर आहे. नखालगतच्या सांध्यांवरील गाठी, ज्या आपल्या पत्रलेखिकेला आहेत, त्यांना ‘हेबर्डेनच्या गाठी’ म्हणतात व त्यांचा संकेतांक एम 15.1. विल्यम हेबर्डेन हे अठराव्या शतकातील इंग्रज वैद्य. त्यांचे टिपणांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर 1802 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात या गाठींचे मोजक्या शब्दांत वर्णन आहे आणि त्यांचा गाऊटशी काही संबंध नाही असे स्पष्ट म्हटले आहे. दोनशे वर्षांपूर्वी एका वैद्याने सांध्यांच्या दोन आजारांत गल्लत करू नका असे सांगून ठेवले, आणि आपण अजून ती करीतच आहोत! बोटाच्या मधल्या सांध्यावरील गाठी ‘बुशार’ या फ्रेंच वैद्याच्या नावाने ओळखल्या जातात. त्यांचा संकेतांक एम 15.2. (या महाशयांनी त्या गाठींचा संबंध पोटाच्या विकाराशी जोडला होता. तो तर्क टिकला नाही, नाव तेवढे टिकले.) अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या जवळ जो सांधा असतो, त्याला स्वतंत्र क्रमांक आहे, एम 18. बरणीचे झाकण उघडताना, कुलपात किल्ली फिरवताना, ओले कपडे पिळताना जो सांधा प्रथम कुरकुरतो तो हाच. अंगठ्याची आणि बोटांची चिमूट घट्ट धरावी लागणारे प्रत्येक काम याच सांध्यावर भार टाकते; आणि आपल्या स्वयंपाकघरात अशी कामे किती असतात हे मी आपल्याला सांगावयास नको. हातातील उरलेल्या सांध्यांची झीज एम 19 मध्ये नोंदली जाते.

या वर्गीकरणात दोन-तीन शब्द असे आहेत की ते कागदावर वाचून कुटुंबीय हमखास फसतात. पहिला शब्द ‘प्रायमरी’. ‘प्रायमरी ऑस्टिओआर्थ्रायटिस’ असे वाचले की पुष्कळांना हायसे वाटते: आजार प्राथमिक अवस्थेत आहे, अजून काही बिघडलेले नाही! येथे त्या शब्दाचा अर्थ तो नव्हे. ज्या झिजेमागे दुसरे कोणते मूळ कारण आढळले नाही ती ‘प्रायमरी’; जुना अस्थिभंग, मार किंवा दुसरा आजार यांमुळे आलेली झीज वेगळी. बोटे पार वाकडी झालेली असली तरी निदान ‘प्रायमरी’च राहू शकते, आणि अंगठा जेमतेम दुखू लागलेला असला तरी ते ‘मारानंतरचे’ असू शकते.

दुसरी फसगत दोन्ही हातांच्या बाबतीत होते. एकाहून अधिक ठिकाणच्या सांध्यांची झीज असेल तर ती एम 15 मध्ये जाते; परंतु दोन्ही हातांचा तोच एक सांधा, उदाहरणार्थ दोन्ही अंगठ्यांची मुळे, झिजली असतील तर ती अनेक सांध्यांची झीज मानली जात नाही. ती एम 18.0, म्हणजे अंगठ्याच्या मुळाची दोन्ही बाजूंची ‘प्रायमरी’ झीज. तिसरे म्हणजे शेवटचा आकडा 9. आपल्या पत्रलेखिकेच्या कागदावर जो 9 होता त्याचा अर्थ ‘अधिक तपशील नमूद नाही’. बिंदूनंतर 9 दिसला की समजावे, लिहिणाऱ्याजवळ पुरेशी माहिती नव्हती किंवा त्याने ती विचारली नाही. प्रत्येक 9 चूक असतो असे नाही, पण तो पाहून एक प्रश्न विचारणे केव्हाही योग्य.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत आणि जे तेथे राहून तपासणी करून येतात, त्यांच्या कागदांवर थोडे वेगळे रूप दिसेल. त्या देशात 1 ऑक्टोबर 2015 पासून दहाव्या आवृत्तीचे अधिक बारीक केलेले रूप वापरले जाते व तेथे डावा-उजवा हातही आकड्यातच सांगावा लागतो. अंगठ्याच्या मुळाची ‘प्रायमरी’ झीज उजव्या हाताची असेल तर एम 18.11, डाव्या हाताची असेल तर एम 18.12. तेथील अहवाल येथील डॉक्टरांना दाखवताना हे लक्षात ठेवावे. आकडे लांब दिसले म्हणून आजार मोठा होत नाही.

कारण हेही सांगितले पाहिजे की, या संकेतांकात आजाराची तीव्रता नसते. एक्स-रेवर झिजेची श्रेणी शून्य ते चार अशी सांगण्याची पद्धत 1957 पासून रूढ आहे, ती केलग्रेन आणि लॉरेन्स यांची. ती श्रेणी संकेतांकात उतरत नाही. वेदना किती, मूठ वळते की नाही, ब्लाउजचे हूक लावता येतात की नाही, अंगठी बोटातून निघते की नाही, यांतले काहीच त्यात नसते. दोन भगिनींचा संकेतांक एकच असेल. एक दिवसाला चाळीस पोळ्या लाटत असेल आणि दुसरीला चहाचा कप उचलवत नसेल. संकेतांक मोजणीसाठी जन्माला आला आहे. त्याच्याकडून रुग्णाची कहाणी सांगण्याची अपेक्षा करू नये. त्याने रुग्णाला भलत्याच घरात बसवू नये, एवढी अपेक्षा मात्र केलीच पाहिजे.

आता त्या दोन घरांमधील फरक, कारण खरा धोका तेथेच आहे. आपल्या बोलण्यात ‘संधिवात’ हा शब्द गुडघे, कंबर, बोटे, टाच या सर्वांना पुरतो. याचा दोष परंपरेला देण्याची पद्धत आहे, पण ते अन्यायाचे होईल. आयुर्वेदाने संधिगत वात आणि आमवात हे वेगळे मानले आहेत. माधवनिदानात आमवाताचा स्वतंत्र अध्याय आहे. शब्दांची सरमिसळ आपण घरात केली. झिजेच्या आजारात सांध्यातील गुळगुळीत कूर्चा विरळ होते, कडेला हाडाची वाढ होते आणि तीच बाहेरून गाठीसारखी लागते. नखालगतचे सांधे, मधले सांधे आणि अंगठ्याचे मूळ ही तिची आवडती ठिकाणे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांत ती अधिक आढळते आणि हेबर्डेनच्या गाठी आईकडून लेकीकडे येताना दिसतात. सकाळी बोटे आखडतात, पण ती सहसा अर्ध्या तासाच्या आत मोकळी होतात, आणि काम वाढले की दुखणे वाढते.

आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते. मूठ वळल्यावर जे सांधे उंच दिसतात ते, मनगटे आणि मधले सांधे सुजतात, बहुधा दोन्ही हातांचे एकाच वेळी; नखालगतचे सांधे सहसा सुटतात. सूज हाडासारखी टणक नसते, दाबल्यास मऊ लागते. सकाळची आखड तासभर किंवा त्याहून अधिक टिकते, थकवा येतो, बारीक तापही असू शकतो. हा आजार लवकर ओळखून मेथोट्रेक्सेटसारखी औषधे वेळेवर सुरू केली नाहीत तर सांध्यांचे कायमचे नुकसान होते. तीच औषधे झिजेच्या आजारात दिली तर उपयोग नाही, आणि यकृत व रक्तावरील दुष्परिणामांची जोखीम मात्र पदरात पडते. म्हणजे चूक दोन्ही दिशांनी महाग आहे. सोरायसिस असणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी ध्यानात ठेवावी: त्या विकारातील संधिशोथ नखालगतच्या सांध्यांनाही धरतो, त्यामुळे त्वचेवरील चट्टे किंवा नखांतील खड्डे डॉक्टरांना न विसरता दाखवावेत.

येथे एक इशारा. ‘आर.ए. फॅक्टर’ ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आमवात सिद्ध झाला असे नव्हे. वय वाढलेल्या निरोगी माणसांतही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. कागदावरील एम 06.9 कधी कधी अशाच एका चाचणीच्या बळावर पडलेला असतो. निदान हात हातात घेऊन, सांधे दाबून, सकाळच्या आखडीचा वेळ विचारून करावयाचे असते.

विम्याकडे वळू. हाताच्या झिजेवरचे उपचार बहुतांशी बाह्यरुग्ण विभागातच होतात: कोमट पाण्यात हात शेकणे, बोटांचे व्यायाम, अंगठ्याला आधारपट्टी, लावण्याचे वेदनाशामक मलम, जाड मुठीची भांडी व सुऱ्या. त्यामुळे पुष्कळांना वाटते, आपला आणि विम्याचा संबंध काय? संबंध दोन ठिकाणी येतो. अंगठ्याच्या मुळाचे दुखणे असह्य होऊन शस्त्रक्रियेची वेळ आली तर अनेक पॉलिसींत अस्थिसंधिशोथासाठी ठरावीक प्रतीक्षाकाल असतो. हा काल, तसाच पूर्वस्थित आजारांसाठीचा, 2024 च्या नियमांनुसार जास्तीत जास्त 36 महिने असू शकतो. मात्र विशिष्ट आजारांचा प्रतीक्षाकाल अपघातातून उद्भवलेल्या दाव्याला लागू होत नाही. म्हणून ज्यांचा अंगठा पूर्वी स्कूटरवरून पडून मोडला होता आणि आता त्याच सांध्याची झीज झाली आहे, त्यांनी ती हकीकत व जुना एक्स-रे डॉक्टरांपुढे अवश्य ठेवावा. ‘मारानंतरची झीज’ हा वेगळा संकेतांक आहे. दाव्याचा निकाल त्या एका आकड्यावर ठरेल असे नाही, पण वस्तुस्थिती कागदावर असावी. आणि हेही तितक्याच स्पष्टपणे लिहितो की, न झालेला अपघात लिहून देण्याची गळ डॉक्टरांना घालू नये. अशा विनंत्या माझ्याकडे येतात. त्या करणारी माणसे एरवी सज्जन असतात, म्हणूनच त्यांना नकार देताना अधिक वाईट वाटते.

दुसरा संबंध आपल्या पत्रलेखिकेने अनुभवला. आजार हाताचा नव्हता, दाखल होण्याचे कारण डेंग्यू होते. तरीही सहव्याधींच्या रकान्यातील चुकीच्या आकड्याने पॉलिसीच संशयात आली. मी त्यांना जे कळवले ते आपल्यालाही उपयोगी पडेल. प्रथम रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून संपूर्ण केसपेपरच्या प्रती मागवाव्यात. वैद्यकीय व्यावसायिकांसाठीच्या 2002 च्या आचारनियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर 72 तासांत नोंदी द्यावयाच्या असतात. त्या नोंदींत आमवाताचा आधार कुठे आहे ते पाहावे: तपासणीत सुजलेले सांधे लिहिले आहेत का, कोणती चाचणी झाली आहे का, की केवळ नातेवाइकांनी सांगितलेला एक शब्द आहे. नंतर हातांची स्वतंत्र तपासणी व एक्स-रे करून घ्यावा. ते डॉक्टर निदान संपूर्ण शब्दांत लिहून देतील. त्या दाखल्यासह रुग्णालयाकडे दुरुस्तीपत्र मागावे. खाडाखोड केलेले जुने कार्ड स्वीकारू नये. दुरुस्तीवर तारीख, सही व शिक्का असावा. ते पत्र विमा कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे जावे आणि तेथे दाद लागली नाही, तर विमा लोकपालाकडे. त्यांची कार्यालये मुंबईत व पुण्यातही आहेत.

हे सारे टाळता आले असते ते दाखल होतानाच्या त्या एका मिनिटात. ‘संधिवात’ म्हणण्याऐवजी ‘‘दोन्ही हातांच्या बोटांना, नखांजवळच्या सांध्यांवर गाठी आहेत, सात वर्षांपासून, गोळ्या चालू नाहीत’’ असे सांगितले असते तर लिहिणाऱ्याला चूक करणे अवघड झाले असते. म्हणून घरातील ज्येष्ठांच्या फाईलच्या पहिल्या पानावर, त्यांच्या आजारांची नावे डॉक्टरांनी लिहिलेल्या पूर्ण शब्दांत उतरवून ठेवावीत: कोणता सांधा, कोणता हात, केव्हापासून, कोणती औषधे. आईला दवाखान्यात नेणारा मुलगा किंवा सून त्या वेळी गोंधळलेली असते. त्यांच्या स्मरणशक्तीवर विसंबू नये. आणि घरी निघण्यापूर्वी, बिलाच्या खिडकीपाशी उभे असतानाच, डिस्चार्ज कार्डावरील निदानाची ओळ वाचावी. तेव्हा दुरुस्ती पाच मिनिटांत होते. पुढे तिला पाच महिने लागतात.

पत्रलेखिकेच्या बाबतीत साधारण तेवढेच लागले. एक्स-रेत नखालगतच्या सांध्यांची झीज व कडेची हाडाची वाढ स्पष्ट दिसली, सूजदर्शक रक्तचाचण्या सामान्य निघाल्या, आणि रुग्णालयाने एम 06.9 च्या जागी एम 15.1 असे पत्र दिले. एक गोष्ट त्यांनी प्रामाणिकपणे कळवली आहे, ती मला महत्त्वाची वाटते. पॉलिसीच्या मूळ अर्जात ‘सांध्यांचा काही विकार?’ असा प्रश्न होता आणि त्यांनी ‘नाही’ लिहिले होते. लबाडी म्हणून नव्हे. आईच्या बोटांसारखी बोटे असणे हा विकार असतो असे त्यांना वाटलेच नव्हते. डेंग्यूच्या दाव्याची रक्कम त्यांना मिळाली. हातांची झीज मात्र आता पूर्वस्थित आजार म्हणून पॉलिसीवर नोंदली गेली आहे, आणि ती नोंद योग्यच आहे असे त्या स्वतः लिहितात. सोबत त्यांनी आपल्या फाईलच्या पहिल्या पानाची प्रत पाठवली आहे. शिक्षिकेचे वळणदार अक्षर, पण ‘उजवा हात, तर्जनी’ या शब्दांपाशी रेघ थोडी थरथरलेली दिसते. अंगठ्याच्या मुळाचीही एकदा तपासणी करून घ्यावी, असे मी त्यांना उलट टपाली कळवले आहे.